पोळीचे दोन तुकडे केले की दोन पोळ्या होतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पाच वर्षं आठ महिन्यांचा, जन्म डिसेंबरअखेरचा, यंदा जूनमध्ये पहिलीत गेला. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर धायरीत. एका पोळीचे दोन तुकडे करून वाढले की 'मी दोन पोळ्या खाल्ल्या' असं सांगत सुटतो. काल आणि उद्या यांत गोंधळ करतो. शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो, पण वजाबाकी म्हटली की रडकुंडीला येतो. आजोबा म्हणतात, 'याच्या बापाला या वयात पंधरापर्यंत पाढे पाठ होते.' आईने मोबाइलवर बौद्धिक विकासाच्या अवस्थांचा तक्ता वाचला आणि तिची झोप उडाली. तिला तीन गोष्टी हव्या आहेत: हा मागे पडलाय का, बुद्ध्यांक काढून घ्यावा का, आणि कुठला क्लास लावला तर भरून निघेल.

ताई, पोळीपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या लिहिण्यातली मला सगळ्यात आवडलेली ओळ तीच. तुमचा मुलगा थापा मारत नाही. त्याला खरोखरच दोन पोळ्या दिसतात. आणि ही गोष्ट आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. 'अजून एक पाहिजे' म्हणून हटून बसलेल्या नातवाच्या ताटातली पोळी उचलायची, तिचेच दोन तुकडे करायचे आणि 'ह्या घे दोन' म्हणून वाढायच्या, हे माझी आजी रोज करायची. त्यामागचं मानसशास्त्र तिला ठाऊक नव्हतं. नातू गप्प बसून जेवतो, एवढं तिला पुरे होतं.

मी गेली सव्वीस वर्षं पुण्यात लहान मुलांच्या विकासाच्या तपासण्या करते आहे. माझ्या खोलीतल्या कपाटात स्टीलची दोन सारखी फुलपात्रं, एक उंच निमुळता काचेचा ग्लास, मूठभर चिंचोके आणि बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा एवढा ऐवज असतो. कणकेचा गोळा रोज घरून ताजा. मागच्या महिन्यात एक मुलगी आली होती, साधारण तुमच्या मुलाच्याच वयाची. दोन्ही फुलपात्रांत कोकम सरबत सारखं आहे याची तिने स्वतः खात्री करून घेतली, एकात चमचाभर कमी वाटलं तर ओतून घेतलं. मग तिच्या डोळ्यांदेखत मी एका फुलपात्रातलं सरबत उंच ग्लासात ओतलं.

'आता कशात जास्त?'

'ह्याच्यात.' ग्लासावर बोट.

'जास्तीचं कुठून आलं?'

तिने ग्लासाकडे पाहिलं, रिकाम्या फुलपात्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'ग्लासमधून!' एवढं साधं कसं कळत नाही, असा चेहरा.

आता या उत्तराला चूक म्हणून फुली मारता येते, किंवा तिला काय दिसतंय ते बघता येतं. ती उंचीकडे बघते आहे. रुंदी कमी झाली हेही तिला दिसतं, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून एकीने दुसरीची भरपाई केली असा हिशोब तिला अजून जमत नाही. आणि ओतलेलं सरबत मनातल्या मनात परत फुलपात्रात ओतून पाहता येत नाही. पोळीचंही तेच. तुकडे दिसतात, ते जोडून पूर्वीची एक पोळी मनात उभी करणं, हे वेगळं काम आहे. हेच दोन वर्षांनी विचारलं की मुलं माझी कीव करतात. 'परत ओता ना, तेवढंच होईल' असं सांगतात.

या प्रयोगाचा जनक जाँ पियाजे. जन्म १८९६, स्वित्झर्लंडमधलं न्यूशातेल. मूळचा प्राणिशास्त्राचा माणूस, डॉक्टरेट गोगलगाईंच्या कुळातल्या मृदुकाय प्राण्यांवर. १९२० च्या सुमारास तो पॅरिसला गेला. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये जगातली पहिली उपयोगात आलेली बुद्धिचाचणी तयार केली होती. बिने १९११ मध्ये वारले होते, पण सिमाँ होते. त्यांनी या तरुणाला शाळेतल्या मुलांकडून तर्काच्या एका चाचणीतले प्रश्न सोडवून घ्यायचं काम दिलं. काम कंटाळवाणं: किती बरोबर, किती चूक, मांडा आकडे. पियाजेचं लक्ष मात्र भलतीकडेच गेलं. एका वयाची मुलं चुकतात तीही एकाच पद्धतीने, हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणजे लहान मूल हा कमी माहिती असलेला मोठा माणूस नव्हे. त्याचं तर्कशास्त्रच वेगळं असतं. पुढची जवळजवळ साठ वर्षं, १९८० साली वारेपर्यंत, तो हेच खणत बसला. स्वतःच्या तीन मुलांवर त्याने पाळण्यापासून टिपणं ठेवली.

तुम्ही वाचलेला तक्ता त्याचाच. जन्मापासून दोन वर्षं संवेदन-कारक, दोन ते सात पूर्वक्रियात्मक, सात ते अकरा मूर्त क्रियात्मक, आणि अकरा-बाराच्या पुढे औपचारिक क्रियात्मक. ही नावं बी. एड.च्या परीक्षेसाठी ठेवा. तुमच्या कामाची दुसरी अवस्था आहे, आणि तिचं तिसरीकडे सरकणं.

पहिली अवस्था तुमच्या मुलाची केव्हाच मागे पडली, म्हणून तिच्याबद्दल दोनच शब्द. तान्हं मूल हातांनी, तोंडाने, डोळ्यांनी विचार करतं. पाच महिन्यांच्या बाळाचा खुळखुळा पंचाखाली झाकला की बाळ शोधत नाही, जणू खुळखुळा जगातून गेला. आठ-नऊ महिन्यांचं बाळ पंचा ओढून काढतं. पियाजेचं म्हणणं होतं की तोवर वस्तूचं कायमपण बाळाला कळतच नाही. १९८० च्या दशकात रने बायार्जाँ या संशोधिकेने बाळं अशक्य गोष्टीकडे जास्त वेळ बघतात याचा उपयोग करून दाखवलं, की पाच महिन्यांच्या किंवा त्याहूनही लहान बाळांना झाकलेली वस्तू तिथेच आहे याची काहीतरी जाण असते. हात त्या जाणिवेच्या मागे असतात. पियाजेचं पुष्कळदा असंच झालं आहे. त्याने सांगितलेला क्रम बराचसा टिकला, वयं मात्र खाली सरकली.

आता तुमच्या घरात चालू असलेली अवस्था. ही फार देखणी असते, आणि पालक ती घाईत घालवतात याचं मला वाईट वाटतं. दोन वर्षांच्या सुमाराला मूल 'हे म्हणजे ते' करायला शिकतं. भातुकलीतली रिकामी कपबशी तोंडाला लावून 'चहा गरम आहे' म्हणतं, चपलेचा फोन करतं. हा टाइमपास नव्हे. एका वस्तूने दुसऱ्या वस्तूची जागा घ्यायची, हीच पुढे अक्षरांची आणि अंकांची युक्ती आहे. '५' हा आकडा म्हणजे पाच चिंचोके नव्हेत, तो त्यांच्या जागी उभा आहे. भातुकली मनसोक्त खेळलेलं मूल ही युक्ती शेकडो वेळा करून आलेलं असतं.

याच वयात चंद्र आपल्या मागे मागे येतो. रात्री सिंहगड रस्त्याने स्कूटरवरून जाताना तुमचा मुलगा कधी ना कधी म्हणाला असेल, 'आई, बघ, चांदोबा आपल्याबरोबर येतोय.' टेबल लागलं की टेबलाला राग आला म्हणून लागलं. आपणही जमिनीला चापटी मारून त्याची समजूत घालतोच. आणि याच वयात मूल डोळे झाकून घेतं आणि म्हणतं, शोधा मला. माझ्याकडे फोनवर बोलताना नुसती मान हलवणारी मुलं यायची. हल्ली सगळे व्हिडिओ कॉलच करतात, त्यामुळे मान हलवलेली आजीला दिसते आणि माझी ती सोपी परीक्षा बाद झाली.

पियाजेने यासाठी तीन डोंगरांची प्रतिकृती केली होती. मूल एका बाजूला, बाहुली दुसऱ्या बाजूला. बाहुलीला डोंगर कसे दिसतात ते चित्रांतून निवड. लहान मुलं स्वतःला दिसतं तेच चित्र उचलतात. तुम्ही हा प्रयोग फुकटात करू शकता. धायरीतून सिंहगडावरचे टीव्हीचे मनोरे दिसतात. मुलाला विचारा, गडाच्या पलीकडच्या गावातल्या मुलाला ते कसे दिसत असतील? बहुतेक तो म्हणेल, 'असेच.' पण लगेच निष्कर्ष काढू नका. मार्टिन ह्यूज नावाच्या संशोधकाने १९७५ मध्ये डोंगर काढून टाकले आणि दोन भिंती, दोन पोलीस आणि लपणारा एक मुलगा अशा बाहुल्या ठेवल्या. 'पोलिसाला दिसणार नाही असा याला लपव.' साडेतीन ते पाच वर्षांच्या दहांतल्या नऊ मुलांना ते जमलं. डोंगर दिसतात कसे हा प्रश्न मुलाच्या जगात कोणी विचारत नाही. पोलिसापासून लपायचं मात्र त्याला बरोबर कळतं.

एडिंबरोच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी याच दिशेने पुष्कळ काम केलं, आणि त्यांचं काम वाचल्यावर मी माझी तपासणीची पद्धत बदलली. पियाजेच्या प्रयोगात मोठा माणूस मुलाला एकदा विचारतो 'सारखं आहे का?', मग काहीतरी हलवतो आणि पुन्हा तेच विचारतो. मूल काय समजतं? बाईंनी मुद्दाम काहीतरी केलं आणि परत विचारलं, म्हणजे आता उत्तर बदलायला हवं. १९७४ मध्ये डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी सोंगट्यांची ओळ माणसाच्या हाताने न हलवता एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीकरवी विस्कटवली. मग चार ते सहा वर्षांच्या कितीतरी जास्त मुलांनी 'तेवढीच आहेत' असं सांगितलं. आपल्याकडे तर हे आणखीच लागू आहे. मराठी घरात 'नक्की?' हा प्रश्न कोणी माहितीसाठी विचारत नाही. 'नक्की?' म्हणजे चुकलास. सुरुवातीच्या वर्षांत मी किती मुलांना 'नक्की का?' विचारून बरोबर उत्तरावरून हटवलं असेल आणि अहवालात 'संकल्पना विकसित नाही' असं लिहिलं असेल, देव जाणे.

आता काल-उद्याचं. या वयात भूतकाळ सगळा 'काल' असतो आणि भविष्य सगळं 'उद्या'. दिवाळीत घडलेलंही 'काल' घडलेलं असतं. त्यात आपल्या भाषेने 'परवा' हा शब्द दोन्ही बाजूंना ठेवला आहे: गेलेला परवा आणि येणारा परवा. पाच वर्षांच्या मुलाने त्यात गोंधळ केला तर त्याचा दोष किती आणि मराठीचा किती, मला सांगता यायचं नाही. वेळ दिसत नाही, ही खरी अडचण. म्हणून ती दिसेल अशी करा. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकत असेल तर ते त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. रोज रात्री त्याच्या हाताने एक चौकोन खोडायचा आणि गणपतीला किती चौकोन उरले ते मोजायचे. पंधरा दिवसांत फरक दिसतो. आणि लक्षात घ्या, 'गणपतीला किती उरले' ही वजाबाकीच आहे.

शंभरपर्यंत घडाघडा म्हणणं आणि संख्या कळणं यात मोठं अंतर आहे. त्याच्यापुढे बारा चिंचोके टाका आणि मोजायला सांगा. मोजून झाल्यावर 'मग किती आहेत?' विचारलं की तो 'बारा' म्हणतो, की पुन्हा एकपासून सुरू करतो? पुन्हा सुरू करत असेल तर शेवटचा उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या हे अजून पक्कं नाही, आणि वजाबाकी करायला लावणं हा अन्याय आहे. 'बारा' म्हणत असेल तर चिंचोके लांब लांब पसरा आणि एकदाच विचारा. ('नक्की?' म्हणू नका.)

आजोबा घरात मराठी आकडे विचारत असतील तर आणखी एक गोष्ट. इंग्रजीत 'फिफ्टी थ्री' हे लिहायच्या क्रमाने ऐकू येतं. मराठीत 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी येतात, पन्नास नंतर. मूल जसं ऐकतं तसं लिहितं: ३५. 'एकोणतीस' मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात वीसच्या घरातले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची सोपी पद्धत जुन्या पद्धतीच्या जोडीने आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. कै. मंगला नारळीकर यांनी समजावून सांगितलं होतं, की मुलांना जोडाक्षरांनी भरलेले आणि उलट्या क्रमाचे हे शब्द जड जातात. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं. भाषेचं वैभव जपायचं असेल तर जपू या, पण पहिलीतल्या मुलाच्या खांद्यावर ठेवून नको. तुमच्या मुलाला दोन भाषांतून दोन क्रम येत आहेत. त्याने ५३ आणि ३५ ची अदलाबदल केली तर लगेच 'डिसलेक्सिया' शोधायला धावू नका. अध्ययन अक्षमतेचं खात्रीचं निदान साधारण आठव्या वर्षाच्या आसपास, दुसरी-तिसरीत होतं, त्याआधी नाही.

आणि आजोबांचे पाढे. त्यांचं म्हणणं खोटं नसेल. त्यांच्या पिढीत पावकी, निमकी, दिडकीसुद्धा पाठ असायची. पण पाठांतराला अवस्था लागत नाही. चार वर्षांचं मूल आरत्या पाठ म्हणतंच, अर्थ कुठे विचारतो आपण? पाढे पाठ करू द्या, पुढे फार उपयोगी पडतात. फक्त 'बे पंचे दहा' म्हणता येणं आणि पाच ताटांत दोन-दोन लाडू वाढले तर किती लागतील हे कळणं, यांत दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. त्या अंतराला मतिमंदपणा म्हणत नाहीत.

पियाजे अमेरिकेत व्याख्यानाला गेला की लोक हमखास विचारत, 'या अवस्था लवकर कशा गाठता येतील?' त्याने या प्रश्नाचं नावच 'अमेरिकन प्रश्न' असं ठेवलं होतं. आज तो पुण्यात आला असता तर नाव बदललं असतं. मी तरी वेगळं काय केलं? माझी मुलगी पाच वर्षांची असताना मी तिला फुलपात्राचा प्रयोग आठवडाभर 'शिकवला'. ती छान 'सारखंच आहे' म्हणायला लागली. मग मी कणकेचे दोन सारखे गोळे केले, एक लाटला आणि विचारलं. ती म्हणाली, 'पोळी जास्त आहे, आई. ती पसरलीय ना.' म्हणजे तिने सरबताचं उत्तर पाठ केलं होतं. आणि त्यातही, बक्षीस म्हणून सरबत देऊ केलं तेव्हा तिने उंच ग्लासच घेतला.

घाईने उपयोग होत नाही, पण अनुभवाने होतो. मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांना मातीचा गोळा लांबवला तरी माती तेवढीच राहते हे इतर मुलांपेक्षा आधी कळतं, असं १९६९ मध्ये दिसून आलं. दिवसभर हात मातीत असतात त्यांचे. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशोब जवळजवळ न चुकता करत, आणि तीच गणितं कागदावर दिली की निम्म्याहून जास्त चुकत. तो अभ्यास १९८५ चा. आपल्या मंडईत आईबरोबर गाळ्यावर बसणारी मुलं पाहिलीत तर याचं नवल वाटणार नाही. म्हणून कार्यपुस्तिकेतली वजाबाकी काही दिवस बंद ठेवा आणि त्याला किराणा दुकानात न्या. वीस रुपये त्याच्या हातात द्या. पुढच्या वर्षी पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत घेऊन जा. टाकाऊ वस्तूंची तिथली खेळणी त्याच्या वयाला थोडी पुढची आहेत, पण हात लावायला कोणी मनाई करत नाही.

रशियातला लेव्ह विगोत्स्की इथे पियाजेपेक्षा जास्त उपयोगी पडतो. योगायोगाने त्याचाही जन्म १८९६ चा, पण तो १९३४ मध्येच क्षयाने गेला. त्याचं सांगणं असं, की मूल एकट्याने काय करतं एवढंच बघू नका; थोडा हात दिला तर काय करतं ते बघा, शिकणं त्या पट्ट्यात घडतं. दुसरं, या वयाची मुलं काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलतात: 'आता हा लाल इकडे, नाही नाही, तिकडे.' शाळेत बाई म्हणतात, मनात म्हण. घरी तरी म्हणू द्या. तो त्याचा विचारच आहे, अजून आत गेलेला नाही एवढंच.

तुमच्या मुलाकडे पुढच्या वर्षा-दीड वर्षात काय उगवेल ते सांगते, म्हणजे ओळखता येईल. दसऱ्याला परडीत सात झेंडू आणि तीन शेवंती ठेवा. विचारा, झेंडू जास्त की फुलं जास्त? आज तो 'झेंडू' म्हणेल, कारण तो झेंडूंची तुलना शेवंतीशी करतो. झेंडू एकाच वेळी झेंडूही आहे आणि फूलही, हे दोन मजले त्याला एकदम दिसत नाहीत. सात-आठच्या सुमाराला तो म्हणेल, 'काय आई, झेंडू पण फुलंच ना!' तसंच नात्यांचं. 'बाबांची आई कोण?' विचारलं की या वयाची काही मुलं बावचळतात. आजी ही फक्त आजी असते. आत्या ही बाबांची बहीण आहे हे कळलं की काही दिवस मुलं चकित होऊन घरभर सांगत फिरतात. तो चकित होण्याचा आठवडा चुकवू नका.

दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं त्याला एव्हाना जमायला हवं. त्याची परीक्षा म्हणजे तो गोल डबा. वर बिस्किटांचं चित्र, आत भलतंच काहीतरी. मूल उघडून बघतं. मग विचारायचं, 'बाबांनी हा उघडला नाही. बाबांना काय वाटेल, आत काय आहे?' तीन वर्षांचं मूल आत जे दिसलं तेच सांगतं. साडेचार-पाचचं मूल हसून 'बिस्किटं' म्हणतं. (मी आत सुईदोरा ठेवायचे. पण मराठी घरातल्या मुलांना अशा डब्यात सुईदोराच असतो हे पाठ असतं. एका चिरंजीवांनी झाकण काढायच्या आतच तसं सांगितलं, तेव्हापासून आत खडू असतात.) हे जमायला लागलं की मूल खोटंही बोलायला लागतं. चौथ्या-पाचव्या वर्षीचं पहिलं खोटं हे बुद्धीचं काम आहे. रागवा, पण मनातून काळजी करू नका.

अकरा-बाराच्या पुढची, 'समजा असं असतं तर' वाली अवस्था आत्ता राहू द्या. ती सगळ्यांना सगळ्या विषयांत येतेच असं नाही, हे पियाजेनेच १९७२ मध्ये मान्य केलं आहे. मोठी माणसं गृहसंस्थेच्या वार्षिक सभेत कशी भांडतात ते पाहिलं तर पुरावा मागायची गरज नाही.

आता तुमच्या लिहिण्यातली खरी किल्ली, जी तुम्ही सहज जाता जाता दिली आहे: जन्म डिसेंबरअखेरचा. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा पूर्ण हा नियम. म्हणजे तुमचा मुलगा वर्गात सगळ्यात धाकट्यांपैकी. त्याच्या शेजारी जानेवारीत जन्मलेला मुलगा बसला असेल तर तो अकरा महिन्यांनी मोठा आहे. पाच वर्षं आठ महिन्यांच्या आयुष्यातला हा जवळजवळ सहावा हिस्सा. तुम्ही, शाळेच्या बाई आणि आजोबा, तिघंही त्याची तुलना साडेसहा वर्षांच्या मुलांशी करताय. सात वर्षांच्या उंबरठ्यावर पोचलेल्यांना जे आता आता जमायला लागलं, ते याला पुढच्या पावसाळ्यापर्यंत जमेल.

बुद्ध्यांक आत्ता नको. महाराष्ट्रात बिने-कामत चाचणी वापरतात, इतरही चाचण्या आहेत, आणि नेमका प्रश्न असेल तेव्हा त्या उपयोगी पडतात. 'सहज काढून ठेवू' म्हणून काढलेला आकडा घरात फ्रीजवर चिकटतो आणि मुलगा पंधरा वर्षांचा झाला तरी निघत नाही. बोटांच्या ठशांवरून कल सांगणाऱ्या डीएमआयटीला शास्त्राचा आधार नाही, पैसे वाचवा. मिडब्रेन जागृत करून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणाऱ्या वर्गांबद्दल एवढंच सांगते, की पट्टी बांधून घ्या आणि नाकाच्या कडेने खाली बघा. अबॅकस यांच्या पंगतीतला नाही. ते एक कसब आहे, दुसरी-तिसरीत आवडलं तर जरूर शिकावं, पण त्यातून वजाबाकीची समज आपोआप येत नाही. क्लासच्या पैशांत सापशिडी, पत्ते आणि किलोभर चिंचोके आणा आणि आजोबांना रोज अर्धा तास कामाला लावा. भिकार-सावकार खेळताना कोणाकडे किती जास्त पानं, हे त्यांनी विचारायचं. पाढे शिकवायची हौसही तिथेच फिटेल.

काळजी कशाची करायची तेही सांगते. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. 'मागे पडलाय' म्हणून आलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांना फळ्यावरचं दिसत नव्हतं एवढीच गोष्ट होती. अनोळखी माणसाला त्याचं बोलणं समजत नसेल, 'चप्पल काढ आणि डबा ओट्यावर ठेव' अशी दुहेरी सूचना पाळता येत नसेल, शाळेत काय झालं ते दोन-तीन वाक्यांतही सांगता येत नसेल, खोटं-खोटं खेळणं कधीच केलं नसेल, किंवा आधी येत असलेली एखादी गोष्ट जायला लागली असेल, तर वाट बघू नका. शेवटची गोष्ट कुठल्याही वयात लगेच दाखवायची. तुमच्या वर्णनात यांपैकी काहीच दिसत नाही.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत, म्हणजे सात पूर्ण व्हायच्या तोंडावर, चिंचोक्यांनीही वजाबाकी जमत नसेल तर घेऊन या, शांतपणे बसून बघू. फक्त येताना त्याला पढवून आणू नका. गेल्या वर्षी एक बाबा कुठेतरी वाचून मुलाची तयारी करून घेऊन आले होते. मी कपाट उघडलं, अजून फुलपात्र हातातही घेतलं नव्हतं, आणि दारातूनच पोरगं ओरडलं, 'सारखंच आहे!'